एका मिनिटाला एक अब्ज

१९९८ सालच्या ऑगस्टमधली एक सकाळ. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये डेव्हिड चेरिटन या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या घराच्या ओसरीत दोन विद्यार्थी आपलं सर्च इंजिन एका पाहुण्याला दाखवत होते. पाहुण्याला पुढच्या कामाला जायची घाई होती. त्याने फार प्रश्न विचारले नाहीत, चेकबुक काढलं आणि एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला. चेक होता ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’च्या नावाने. अशी कंपनी तेव्हा जगात नव्हतीच, त्यामुळे तो भरायचा कुठल्या खात्यात हा प्रश्न आला. कंपनीची रीतसर नोंदणी होईपर्यंत चेक टेबलाच्या खणात पडून राहिला. पाहुण्याचं नाव अँडी बेख्टोल्सहाइम, सन मायक्रोसिस्टिम्सच्या चार संस्थापकांपैकी एक. त्या चौघांतले दुसरे विनोद खोसला, जन्म पुण्याचा. ते पुढे येतीलच.

त्या वेळच्या भावाने एक लाख डॉलर म्हणजे ४२ लाख रुपये. पुढच्या वर्षी, जून १९९९ मध्ये, सिकोया आणि क्लायनर पर्किन्स या दोन बड्या फंडांनी प्रत्येकी सव्वा कोटी डॉलर घातले. ऑगस्ट २००४ मध्ये गूगलचा शेअर ८५ डॉलरला बाजारात आला, कंपनीचं मूल्य २३ अब्ज डॉलर ठरलं आणि या दोघांच्या हिश्शाची किंमत प्रत्येकी दोन अब्जांच्या आसपास गेली. म्हणजे पाच वर्षांत साधारण १६० पट. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट २०२४ मध्ये दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. इथे एकदाच सांगून ठेवतो, अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि लाख कोटी म्हणजे हजार अब्ज. या लेखात शून्यं इतकी आहेत की आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे विसरायला होतं.

संस्थापक आणि गुंतवणूकदार यांच्या गप्पांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं: दूरदृष्टी, जिद्द, नजरेतली चमक. माझा मोह वेगळा आहे. या गप्पांना मिनिटाचा दर लावून बघावा.

त्यासाठी सगळ्यात सोयीचा माणूस म्हणजे जपानच्या सॉफ्टबँकेचे मासायोशी सोन. १९९९-२०००च्या सुमारास ते जॅक मा यांना भेटले. माजी इंग्रजी शिक्षक असलेल्या मा यांच्याकडे ‘अलीबाबा’ नावाची चिमुकली कंपनी होती. निर्णय पाच-सहा मिनिटांत झाला असं दोघांच्याही आठवणींत येतं. सोन यांनी अलीबाबात दोन कोटी डॉलर घातले. सहा मिनिटं धरली तर मिनिटाला ३३ लाख डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये अलीबाबा न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली तेव्हा सॉफ्टबँकेच्या हिश्शाची किंमत ७० अब्ज डॉलरच्या वर होती. साडेतीन हजार पट. त्या सहा मिनिटांतलं प्रत्येक मिनिट सुमारे १२ अब्जांना पडलं, आणि तेही चांगल्या अर्थाने.

दुसरी गप्प २०१६ सालची, सौदी अरेबियाचे मोहम्मद बिन सलमान यांच्याशी. सोन यांना जगातला सर्वांत मोठा तंत्रज्ञान फंड उभारायचा होता, जवळपास १०० अब्ज डॉलरचा. त्यातले ४५ अब्ज सौदीने दिले. पुढे एका मुलाखतीत डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी विचारलं की तासाभरात ४५ अब्ज मिळवलेत म्हणे. सोन यांनी लगेच दुरुस्ती केली की तास लागला नाही, ४५ मिनिटं लागली, मिनिटाला एक अब्ज. २०१७च्या भावाने ४५ अब्ज डॉलर म्हणजे २ लाख ९० हजार कोटी रुपये. महाराष्ट्र सरकारने २०१७-१८ या वर्षासाठी धरलेली सगळी महसुली जमा, म्हणजे बारा कोटींवर लोकांचे कर, शुल्क, केंद्राचा वाटा सगळं धरून, अडीच लाख कोटींच्या आत होती. सोन यांच्या दराने सेकंदाला सुमारे १०८ कोटी रुपये पडतात. जपमाळेतल्या एकेका मण्याला एक कोटी म्हटलं तर दर सेकंदाला एक अख्खी माळ.

तिसरी गप्प वीवर्कची. ऑफिसच्या जागा भाड्याने घेऊन तुकड्या-तुकड्याने पुन्हा भाड्याने द्यायच्या, हा तिचा धंदा. सोन यांनी तिचं न्यूयॉर्कमधलं कार्यालय बारा मिनिटांत बघितलं, संस्थापक ॲडम न्यूमन यांना गाडीत घेतलं आणि गाडीतच व्यवहाराची रूपरेषा ठरली: ४.४ अब्ज डॉलर. मिनिटाला सुमारे ३७ कोटी डॉलर. जानेवारी २०१९ मध्ये वीवर्कचं मूल्य ४७ अब्ज डॉलर सांगितलं गेलं, त्याच सप्टेंबरमध्ये शेअरविक्री गुंडाळावी लागली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. या प्रकरणात सॉफ्टबँकेचे दहा अब्जांहून जास्त डॉलर बुडाले.

तीन गप्पा एकाच माणसाच्या. पद्धत एकच, घाईही तितकीच. नीतिकथेत बारा मिनिटांच्या घाईची शिक्षा व्हायला हवी होती. पण जमाखर्च लिहून बघा. एकीकडे अलीबाबातले ७० अब्ज, दुसरीकडे वीवर्कमधले दहा-पंधरा अब्ज गेलेले. एका सहा मिनिटांनी असे चार-पाच वीवर्क पचवले असते. या धंद्याचं गणित सगळं इथे आहे. एका सौद्यात जास्तीत जास्त घातलेले पैसे जातात, म्हणजे नुकसान एक पट. फायद्याला मात्र वर छप्परच नाही. तो शून्य पट असतो, तीन पट असतो किंवा साडेतीन हजार पट असतो.

ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती बॉस्टनमध्ये. जॉर्ज डोरिओ या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९४६ साली ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी निघाली. तिने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीत ७० हजार डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे कंपनी बाजारात आल्यावर त्या हिश्शाची किंमत साडेपस्तीस कोटी डॉलरवर गेली, पाच हजार पट. डोरिओंच्या कंपनीचा पंचवीसेक वर्षांचा सरासरी परतावा वर्षाला १४.७ टक्के भरतो. हा एक सौदा वगळला तर ७.४ टक्के. पाव शतक माणसं भेटली, शेकडो धंदे तपासले, आणि निम्मा परतावा एका भेटीतून आला.

आता अशा किती भेटी फळतात? कोरिलेशन व्हेंचर्स या फंडाने २००४ ते २०१३ या दहा वर्षांतल्या २१ हजारांहून जास्त गुंतवणुकींचे निकाल मांडले होते. ते टक्के मी एक हजार कंपन्यांवर आणतो. ६४८ कंपन्यांनी घातलेले पैसेही पूर्ण परत दिले नाहीत. २५३ कंपन्यांनी एक ते पाच पट दिले, ५९ कंपन्यांनी पाच ते दहा पट, २५ कंपन्यांनी दहा ते वीस पट, ११ कंपन्यांनी वीस ते पन्नास पट. पन्नास पटींच्या वर गेल्या चार. हजारात चार.

टक्केवारी वाचून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. म्हणून हे हजार संस्थापक एका खोलीत एकेक करून मुलाखतीला बोलावू. प्रत्येकाला एक तास, दिवसाला आठ तास, मध्ये सुट्टी नाही. पैसे बुडवणाऱ्यांपासून सुरुवात करून चढत्या क्रमाने जाऊ. सगळं संपायला १२५ दिवस लागतील. १ जानेवारीला बसलो तर २२ मार्चपर्यंत, म्हणजे तब्बल ८१ दिवस, समोर एकामागून एक अशीच माणसं येतील ज्यांच्या गुंतवणूकदाराचं मुद्दलही सुटलं नाही. तीही हुशारच असतील. त्यांच्याकडेही पिच डेक असेल, तेही रात्र-रात्र जागले असतील, त्यांनीही घरच्यांना ‘अजून सहा महिने’ सांगितलं असेल. मार्चच्या अखेरीला ‘थोडंफार सुटलं’ म्हणणारे यायला लागतील आणि त्यांची रांग पुढचा महिनाभर चालेल. पाच-दहा पटवाल्यांना एक आठवडा. दहा-वीस पटवाल्यांना तीन दिवस. वीस-पन्नास पटवाल्यांना दीड दिवसही पुरता लागणार नाही. आणि शेवटच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर चार तास उरतील, त्या चौघांसाठी.

संस्थापकांच्या मुलाखतींची पुस्तकं, पॉडकास्ट, परिषदांमधल्या ‘फायरसाइड’ गप्पा, कॉलेजातली प्रेरणादायी व्याख्यानं हे सगळं त्या एका दुपारचं ध्वनिमुद्रण आहे. जेसिका लिव्हिंगस्टन यांनी २००७ साली ‘फाउंडर्स ॲट वर्क’ हे मुलाखतींचं उत्तम पुस्तक काढलं. ते वाचावंच असं आहे, त्यातली माणसं स्वतःच्या गोंधळाबद्दल मोकळेपणाने बोलतात. तरी ती बोलतात ती दुपारच्या बाजूनेच. पहाटे चारला उठणं, नकार पचवणं, कॉलेज सोडणं ही यशाची लक्षणं म्हणून सांगितली जातात. पहिल्या ८१ दिवसांतही चारला उठणारे किती होते, हे कुणी मोजत नाही.

लिव्हिंगस्टन यांनी पती पॉल ग्रॅहम आणि आणखी दोघांबरोबर २००५ साली वाय कॉम्बिनेटर सुरू केलं. होतकरू कंपन्यांना थोडे पैसे आणि भरपूर सल्ला देणारी ही शाळाच. २०१२ मध्ये ग्रॅहम यांनी लिहिलं की तोवर पैसे दिलेल्या शेकडो कंपन्यांच्या एकूण मूल्याचा तीनचतुर्थांश भाग फक्त दोन कंपन्यांत आहे, ड्रॉपबॉक्स आणि एअरबीएनबी. रत्नागिरीतल्या एखाद्या बागायतदाराने पाचशे कलमं लावावीत, पेट्याच्या पेट्या फक्त दोन झाडांवरून उतराव्यात, आणि ती दोन कुठली हे सात-आठ वर्षं कळू नये. तो बागायतदार वेडा होईल. इथे त्याच बागेला यशस्वी म्हणतात.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. हॉर्स्ले ब्रिज ही संस्था अनेक फंडांत पैसे घालते, त्यामुळे तिच्याकडे १९८५ पासूनच्या हजारो गुंतवणुकींची नोंद आहे. त्यात सहा टक्के सौद्यांनी एकूण परताव्याचा साठ टक्के भाग आणलेला दिसतो, आणि निम्म्या सौद्यांत पैसे बुडालेले. इथवर ठीक. पण सर्वांत उत्तम फंडांचे बुडीत सौदे साधारण बऱ्या फंडांपेक्षा जास्त होते. बुडणं टाळणारा फंड मधल्या रांगेत राहतो. त्यामुळे या लोकांना बुडीत सौद्याचं दुःख फारसं नसतं. झोप उडते ती हातून निसटलेल्या सौद्याने.

बेसेमर व्हेंचर पार्टनर्स या जुन्या फंडाने अशा निसटलेल्या सौद्यांची यादीच जाहीर करून ठेवली आहे. ॲपल, इंटेल, ईबे, फेसबुक, एअरबीएनबी, टेस्ला सगळे त्यात आहेत. फेडरल एक्सप्रेसला तर सात वेळा नकार दिलेला. गूगलची नोंद सर्वांत गमतीची. बेसेमरचे डेव्हिड कोवन यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने आपलं गॅरेज गूगलच्या दोघा पोरांना भाड्याने दिलं होतं. ती म्हणाली, भेट तरी त्यांना. तर गॅरेजच्या वाऱ्यालाही न जाता या घरातून बाहेर कसं पडता येईल, असं कोवन यांनी विचारलं.

एअरबीएनबीचा हिशेब जास्त बोचरा आहे. २००८ मध्ये तिच्या संस्थापकांची सात नामांकित गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली. मागणी होती दीड लाख डॉलरची, बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. ती नकाराची पत्रं संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये जाहीर केली. एकाचं म्हणणं होतं की या धंद्याची बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही. पैसे संपले तेव्हा पोरांनी ओबामा आणि मकेन यांच्या नावाची सिरियलची खोकी बनवून ४० डॉलरला एक या भावाने विकली. डिसेंबर २०२० मध्ये कंपनी बाजारात आली आणि पहिल्या दिवसाअखेर तिचं मूल्य ८६ अब्ज डॉलरच्या घरात होतं. पुढच्या फेऱ्यांत नवे शेअर निघत जातात आणि जुन्यांचा हिस्सा पातळ होतो. दहा टक्क्यांचे तीन टक्के झाले असं धरलं तरी अडीच अब्ज डॉलर उरतात. दीड लाखाचे. सतरा हजार पट. सात जणांपैकी जे दोघे उत्तर द्यायला विसरले, त्यांना त्या न लिहिलेल्या मेलइतकं महाग काही पडलं नसेल.

नकार देण्यासाठी कॅलिफोर्नियात असावं लागत नाही. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले, तेव्हा लोकांनी ते पुरते उचललेही नाहीत आणि मॉर्गन स्टॅन्लेने १३ टक्के घेऊन वेळ निभावली. ज्याने शंभर शेअर, म्हणजे साडेनऊ हजार रुपयांचे, घेऊन कपाटात टाकले आणि विसरून गेला, त्याच्याकडे बोनस आणि विभागण्या होऊन २०१८ पर्यंत १,०२,४०० शेअर झाले. दीड हजार रुपये भाव धरला तर १५ कोटींच्या वर. हे पैसे मिळवायला कुठल्याही संस्थापकाला भेटायची गरज नव्हती, फक्त अर्ज भरायचा होता.

आता आपल्याकडचा एक प्रश्न, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगला चाललेला धंदा घेऊन कुणी फंडाकडे गेला की समोरचा माणूस नफ्याबद्दल विचारायचं सोडून ‘हे किती मोठं होऊ शकतं?’ एवढंच विचारत राहतो. येणाऱ्याला तो उर्मट वाटतो. तो उर्मट नसतो, तो अंकगणितात अडकलेला असतो.

समजा ५०० कोटींचा फंड आहे. चालवणाऱ्यांची फी वर्षाला दोन टक्के, दहा वर्षांची ढोबळ शंभर कोटी. उरले ४००. पंचवीस कंपन्यांत प्रत्येकी १६ कोटी. फंडात पैसे घालणाऱ्यांची अपेक्षा असते तिप्पट, म्हणजे दीड हजार कोटी. तिप्पट ऐकायला भारी वाटतं, पण दहा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला ११.६ टक्के फक्त. पैसे एकदम न घेता हप्त्याहप्त्याने घेतात म्हणून कागदावर जरा बरं दिसतं इतकंच. आता वरची टक्केवारी या पंचवीस कंपन्यांना लावा. सोळा कंपन्या तोट्यात, त्यांतून पाऊणशे कोटी वसूल झाले तर नशीब. सहा कंपन्यांनी सरासरी दुप्पट दिले, १९२ कोटी. एखाद-दुसरीने सात पट दिले, दीडशेच्या आसपास. झाले सव्वाचारशे. म्हणजे चोवीस कंपन्या मिळून घातलेले पैसे जेमतेम परत आणतात आणि राहिलेले हजारभर कोटी पंचविसाव्या कंपनीने एकटीने आणायचे असतात. फंडाचा हिस्सा तोवर दहा टक्क्यांवर आलेला असेल तर ती कंपनी दहा हजार कोटींची व्हायला हवी. १६ कोटींचे हजार कोटी म्हणजे साठ पटींच्या वर. आणि पन्नास पटींच्या वरच्या कंपन्या हजारात चार, म्हणजे २५० मध्ये एक. असे दहा फंड उभे केले तर त्यातल्या एकाला ती सापडेल.

ती एक कुठली हे आधी कळत नाही, म्हणून पंचविसांपैकी प्रत्येकीत दहा हजार कोटींची शक्यता दिसावी लागते. आता इचलकरंजीचा एक कल्पित उद्योजक घ्या. यंत्रमागांसाठी सॉफ्टवेअर विकतो, वर्षाला ४० कोटींची विक्री, सहा कोटी नफा, दरसाल पंधरा टक्के वाढ. दहा वर्षांनी नफा चौपट, २४ कोटी. बाजाराने त्याला वीस-पंचवीस पट भाव दिला तर कंपनी पाच-सहाशे कोटींची. दहा टक्के हिश्शाचे पन्नास-साठ कोटी. सोळाचे साठ झाले. गावातला कुठलाही सावकार या पोराच्या पाठीवर थाप मारेल, बँकेचा मॅनेजर घरी येऊन कर्ज देईल. फंडाच्या लेखी मात्र हे फुकट गेलेलं तिकीट. त्याच्या धंद्यात काही खोट नाही, त्याने दार चुकीचं ठोठावलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, आता छत्रपती संभाजीनगर-नाशकातही, स्टार्टअप मेळाव्यांमध्ये ‘फंडिंग मिळवलं’ म्हणजे यशाचं प्रमाणपत्र मानतात, ते मला म्हणूनच खटकतं. ते प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की हा धंदा बहुतेक बुडेल किंवा क्वचित अवाढव्य होईल.

याउलट एक उदाहरण. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, त्यातून क्विक हील उभी राहिली. तिच्यात सिकोयाचे ६० कोटी रुपये आले ते २०१० साली, धंदा सुरू होऊन दीड दशक झाल्यावर आणि स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावर. २०१६ मध्ये शेअर ३२१ रुपयांना बाजारात आला, कंपनीचं मूल्य २,२०० कोटींच्या आसपास. वरच्या फंडाच्या तराजूत हे मध्यम यश ठरेल. कॅल्क्युलेटरच्या दुकानापासून मोजलं तर माझ्याकडे विशेषण नाही.

मूल्याबद्दलही एक खुलासा हवा. कुणी एका कंपनीचा एक टक्का हिस्सा एक कोटीला घेतला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: कंपनीचं मूल्य शंभर कोटी. त्यातले ९९ कोटी कुणी पाहिलेले नसतात. शेवटच्या शेअरचा भाव सगळ्या शेअरना लावून केलेला तो गुणाकार आहे. शिवाय नव्या गुंतवणूकदाराच्या शेअरला कंपनी विकली गेल्यास आपले पैसे आधी काढून घेण्याचा हक्क असतो, साध्या शेअरला नसतो, तरी गुणाकार एकाच भावाने होतो. बायजूजचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर, म्हणजे पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास होतं. दोन वर्षांत ते शून्य झालं. पावणेदोन लाख कोटी कुठे गेले असं लोक विचारतात. बहुतेक कुठेच गेले नाहीत, ते गुणाकारात होते आणि गुणाकारातच विरले. पालकांनी भरलेली फी, शिक्षकांचे पगार आणि गुंतवणूकदारांनी प्रत्यक्ष दिलेले पैसे तेवढे खरे होते.

बायजूजमध्ये प्रोसस या कंपनीचे सुमारे ४९ कोटी डॉलर होते. तिने ते २०२४ मध्ये शून्यावर आणून लिहून टाकले. प्रोससची पालक कंपनी दक्षिण आफ्रिकेची नॅस्पर्स, १९१५ साली वर्तमानपत्र काढण्यासाठी सुरू झालेली. या वर्तमानपत्रवाल्यांनी २००१ मध्ये चीनच्या शेनझेनमधल्या टेनसेंट नावाच्या, गप्पा मारायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा साडेसेहेचाळीस टक्के हिस्सा ३ कोटी २० लाख डॉलरला घेतला. १७ वर्षं त्यातलं काही विकलं नाही. मार्च २०१८ मध्ये दोन टक्के विकले, त्याचेच ९.८ अब्ज आले. नवे शेअर निघत जाऊन तोवर ३३ टक्क्यांवर आलेल्या या हिश्शाची किंमत विक्रीआधी १७५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, इतकी की खुद्द नॅस्पर्सचं बाजारमूल्य तिच्याच कपाटातल्या या एका वस्तूपेक्षा कमी भरायचं. म्हणजे बाजाराच्या मते तिचे बाकी सगळे धंदे मिळून शून्याच्याही खाली. बायजूजमधलं नुकसान या १७५ अब्जांच्या पाव टक्क्याहून किंचित जास्त.

पण छप्पर खरंच नाही का? ओपनएआयमध्ये विनोद खोसलांनी २०१९ साली पाच कोटी डॉलर घातले होते, तेव्हा तिच्याकडे विकायला फारसं काही नव्हतं. मार्च २०२५ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने तिच्यासाठी ४० अब्ज डॉलरपर्यंतची एकच फेरी ठरली, मूल्य ३०० अब्ज. ऑक्टोबरमध्ये कर्मचाऱ्यांचे शेअर विकले गेले ते ५०० अब्जांच्या हिशेबाने. त्याच महिन्यात ओपनएआयमधल्या गुंतवणुकीची सोय करताना सोन यांनी एनव्हिडियाचे आपल्याकडचे सगळे शेअर ५.८३ अब्ज डॉलरला विकले. ही त्यांची दुसरी वेळ. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी एनव्हिडियातला ४.९ टक्के हिस्सा विकून टाकला होता. २०२५च्या ऑक्टोबरात एनव्हिडिया पाच लाख कोटी डॉलरवर पोहोचली, त्या भावाने ४.९ टक्के म्हणजे २४५ अब्ज.

ऑक्टोबर २०२५च्या ५०० अब्जांच्या भावाने आत शिरणाऱ्याला तिप्पट हवी असेल तर ओपनएआय दीड लाख कोटी डॉलरची व्हायला हवी. इतक्या किमतीच्या कंपन्या तेव्हा जगात दहाच्या आसपास होत्या. पन्नास पट हवी असेल तर २५ लाख कोटी डॉलर. अमेरिकेचं वर्षभराचं सगळं उत्पन्न २०२५ मध्ये सुमारे ३० लाख कोटी होतं, भारताचं चार. पन्नास पटींचा सौदा २०१९ मध्ये पाच कोटी डॉलर घालणाऱ्याने केला. ५०० अब्जांच्या भावाने आत शिरणाऱ्यांनी तोच सौदा म्हणून सही केली असेल, तर त्यांनी अमेरिकेच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग मागितला आहे.